कुत्रा मरतो तो सिनेमा

रविवारी वेंगुर्ल्याचा बाजार दोनला उठला
आणि फिलू थेट माझ्याकडे आली,
हात लिंबाने चोळून, वर माझीच पावडर लावून.
तरी खोलीभर सुरमई होतीच.
मशीनवरचे तीन ब्लाऊज मी बाजूला सारले,
हुकांचा डबा बंद केला.
"रडूचा असात तर आदीच सांग," ती म्हणाली,
"माका पाचाक बर्फवाल्याचे पैशे देवचे आसत."
मी म्हटलं, कुत्र्याचा सिनेमा आहे,
कुत्र्याला बघून कोण रडतं?
(तो मी आधी एकदा एकटीने पाहिला होता.
सांगितलं नाही.)

कुठल्याशा थंड मुलखातली गोरी माणसं
हिंदी बोलत होती,
ओठ एकीकडे, शब्द भलतीकडे.
एक म्हातारा, त्याचं लाकडी घर,
आणि एका कानाचा कुत्रा.
त्याचं नाव फिलूच्या जिभेवर बसेना.
पाच मिनिटांत तिने नवं बारसं केलं: मेल्या.
तसं ती सगळ्यांनाच म्हणते,
गिऱ्हाइकाला, पाववाल्या पोराला,
नगरपालिकेच्या वसुलीवाल्याला, त्याची पाठ फिरली की.
"खा रे मेल्या."
"बघ कसो बसलोहा, मेलो."
म्हाताऱ्याने ताटातला तुकडा टाकला तेव्हा,
"लाड बघ मेल्याचे!"

मग बर्फ पडायला लागला.
डोंगरावर, छपरावर, उभ्या गाडीवर, उगाचच.
फिलू पुढे सरकली.
"गो बाय, इतको बर्फ! आणि फुकट?"
तिच्या डोळ्यांपुढे लाद्या होत्या
गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून येणाऱ्या,
लादीमागे वाढलेले वीस रुपये.
आम्ही एवढ्या हसलो
की म्हातारा दरीत पडला ते निसटलंच,
मागे नेऊन बघावं लागलं.

कुत्रा दोन रात्री त्याच्या छातीवर पडून राहिला.
तिसऱ्या सकाळी माणसं दोर घेऊन उतरली.
म्हाताऱ्याने बोट हलवलं.
कुत्रा उठला नाही.

मी ब्लाऊजच्या अस्तरात नाक शिंकरलं.
फिलू रडली नाही.
धंद्याचं बोलावं तशी म्हणाली,
"बर्फात आसा न्हय? मग खराब जावचो नाय."

आगुस्तीन, तिचा धाकटा भाऊ,
त्याला कुवेतहून यायला सतरा दिवस लागले होते.
कागद, सह्या, शिक्के.
रोज संध्याकाळी माझ्या दुकानातून ती फोन लावायची
आणि पलीकडच्या माणसाला एवढंच विचारायची,
थंडीत ठेवलाय ना नीट?
चर्चमध्ये उभी होती
पेटीवरची चिकटपट्टी नखाने सोलत.
तेव्हाही नाही.

पडद्यावर नावं वर सरकू लागली.
बंद करायला उठले तर तिने मनगट धरलं.
सगळी जाऊ दिली,
वाचता न येणारी, एकेक.
शेवटचं गेलं, पडदा काळा झाला,
त्या काळ्यात आम्ही दोघी दिसलो,
आणि मग तिचा आवाज आला,
तिचा वाटेना.
मी गळ्यातली टेप गुंडाळत राहिले,
उलगडत राहिले.
पाच वाजून गेले.
बर्फवाला थांबला.

सोमवारी बांगडे आणायला गेले.
तिच्या पाटाशी रोजचा बोका आला होता,
एक डोळा पिचका, अट्टल चोर.
फिलूने कोयता हातात तसाच धरून पाय आपटला,
"हट् रे मे..."
आणि थांबली.
काटा अडकावा तसा शब्द अडकला,
जिभेने तिने तो बाजूला काढताना मी पाहिलं.
"हट् रे जित्या!"
शेजारची द्रौपदी गिरप टोपलीवर पडून हसली.
जित्या बांगड्याचं डोकं घेऊन पसार झाला.

मला मात्र डझनामागे दहा रुपये चढेच लावले.
"बर्फ म्हाग झालोहा," म्हणाली
खवले काढता काढता,
वर न बघता.